सुनेच्या वाटणीचे लाडू

बायको गेली तेव्हा फ्रीजमध्ये तिनं केलेल्या डिंकाच्या लाडवांचा डबा होता. स्टीलचा, उभा, घट्ट झाकणाचा. माणसाची राख झाली, दहावा झाला, तेराव्याला इथल्या चंदीगडच्या महाराष्ट्र मंडळातली माणसं जेवून गेली, आणि डबा आपला तिथंच. दुधाचं पातेलं त्याला खेटून बसायचं, मेथीच्या जुड्या त्याच्या अंगावर पडायच्या, पण डब्याला हात लावायची कुणाची छाती होत नव्हती. माझी तर नाहीच.

ते लाडू माझ्यासाठी नव्हते आणि मुलासाठी तर मुळीच नव्हते. ते सुनेसाठी होते. लग्नाला वर्षांवर वर्षं उलटली आणि पाळणा काही हलेना, तेव्हा बायकोनं ठरवून टाकलं की सुनेच्या अंगात ऊब कमी आहे. आमच्या सातारा भागात बाळंतिणीला डिंक, खोबरं, खारीक, गूळ आणि साजूक तूप घालून लाडू देतात. बायकोचा हिशोब असा की जो लाडू बाळंतपणानंतर ताकद देतो, तो आधीपासून दिला तर बाळंतपणच लवकर येईल. मी एकदा म्हटलं, "अगं, आधी घोडा मग लगाम असतो." तर म्हणाली, "तुम्ही तुमचे नट आणि बोल्ट बघा." संपलं.

डिंक गावाकडून यायचा. कुणी पुण्याहून बदली होऊन चंदीगडला येणार असलं की ही त्यांना फोन करायची. ओळख ना पाळख, पण डिंक आणा म्हणून सांगायची. आणि लोक आणायचेही. तिच्या बोलण्यात तसं काही तरी होतं, माणसाला नाही म्हणता यायचं नाही. लाडू झाले की डबा भरून सुनेच्या हातात. आठवडा सरला की विचारायची, "संपले का गं?" सून म्हणायची, "संपले, आई." हिचा चेहरा असा फुलायचा की विचारू नका. मंडळात बायकांना सांगायची, "आमच्या सुनेला माझे लाडू फार आवडतात. डबा पुरत नाही."

माझं सांगायचं तर मी सातवी शिकलेला. पिंजौरजवळच्या कारखान्यात फिटर म्हणून आलो, जन्म तिथं काढला. मुलगा इथंच शिकला, इथंच केंद्र सरकारच्या ऑफिसात लागला. दिवसभर खुर्चीत बसून कॉम्प्युटर बघतो. त्याच्या क्वार्टरमध्ये आम्ही दोघं म्हातारी राहायला आलो. आता मी एकटा. दिवसभर बायकोच्या फोटोशी बोलत बसतो. सून म्हणाली, "बाबा, फोटो काही उत्तर देत नाही. लिहा तरी." म्हणून लिहितोय. शुद्धलेखनाचं तुम्ही बघून घ्या.

बायको साखरेनं गेली. साखर आधी डोळ्यांत गेली, मग पायांत, मग मूत्रपिंडात. शेवटी शेवटी तिला उभं राहवत नव्हतं, तर स्टूल घेऊन गॅससमोर बसायची. स्वतःला गोडाचा कण चालत नव्हता आणि दुसऱ्यांना खाऊ घालायची हौस भागत नव्हती. पाक झाला का ते बोटानं बघायची आणि बोट पदराला पुसायची, चाटायची नाही. हे मी बघितलंय. डब्यातले लाडू तसेच, स्टुलावर बसून केलेले.

तिचं दिवसपाणी आटपल्यावर सून मला आणि मुलाला म्हणाली, "दोघांनी उद्या उपाशीपोटी चलायचं. रक्त द्यायचंय."

मुलगा म्हणाला, "मला काय झालंय?"

"आईंनाही काही झालं नव्हतं. होईपर्यंत."

माझी सून जळगावकडची. शाळेत गणित शिकवते. तिखट खाते आणि तिखट बोलते. गोडाचं तिला वावडं. श्रीखंडसुद्धा लोणच्यासारखं बोटानं चाटते आणि वाटी बाजूला सारते. तिचं आणि माझं जमतं, कारण दोघांनाही आडून बोलता येत नाही.

मुलगा मात्र अगदी मऊ. शरीरानंही आणि मनानंही. लहानपणापासून बाळसेदार, आणि ते बाळसं उतरायच्या ऐवजी वाढतच गेलं. सकाळी पंजाबी शेजाऱ्यांकडचे लोण्याचे पराठे, दुपारी ऑफिसच्या कँटीनचे छोले, रात्री आईच्या हातचं जेवण. सातारा आणि पंजाब दोन्ही त्याच्या पोटात येऊन राहिले होते. शेजारची म्हातारी, बीजी, म्हणायची, "खाते-पीते घर का मुंडा है." बायको त्या शब्दांवर आठवडाभर खूश असायची. घोरायचा तर असा, की भिंतीपलीकडे मला कारखान्यातला कॉम्प्रेसर आठवायचा.

रक्ताचा रिपोर्ट आला. माझी साखर काठावर, माझ्या वयाला शोभेल अशी. मुलाची साखर वर. चरबी वर, रक्तदाब वर, लिव्हरवर सूज. पस्तिशी नुकती ओलांडलेल्या माणसाचा रिपोर्ट, आणि आकडे त्याच्या आईचे.

मग सून आम्हाला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. ह्या बाई नागपूरच्या. इथल्या मोठ्या इस्पितळात आहेत आणि मंडळाच्या गणपतीत आरतीला सगळ्यांत मोठा आवाज त्यांचा. त्यांनी रिपोर्ट बघितला, चष्मा कपाळावर सरकवला.

"काय रे, तू हे काय करून राहिला? आईला जाऊन महिना नाही झाला अन् तू तिच्या मागं लाइन लावून राहिला?"

मुलानं रिपोर्टचं रिकामं पाकीट दुमडलं.

"लेकरं किती?"

मुलानं सुनेकडे बघितलं. मग सून म्हणाली, "नाही."

"तपासणी झाली?"

"माझी झाली. इथं झाली, पुण्याला झाली, जळगावला झाली. सगळं ठीक आहे म्हणतात."

"अन् याची?"

सून माझ्या मुलाकडे बघत नव्हती, मीही बघत नव्हतो. त्याची तपासणी कधी झालीच नव्हती. कुणी सांगितलीच नव्हती. आमच्या घरात मूल न होणं म्हणजे बाईचं काम, जसं पापड करणं बाईचं काम.

"बाप्पा!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अर्ध्या गाडीची तपासणी करून गाडी का चालत नाही ते शोधून राहिले तुम्ही लोक."

पुढच्या आठवड्यात मी मुलाबरोबर लॅबला गेलो. सुनेची शाळा होती, आणि त्याला एकट्यानं जायचा धीर नव्हता. काउंटरवरच्या सरदारजींनी त्याच्या हातात प्लॅस्टिकची छोटी डबी दिली आणि मोठ्यानं सांगितलं, "आखरी दरवाजा, जी. कुंडी पक्की लगाना." माझा एवढा मोठा मुलगा ती डबी मुठीत लपवून गेला, आतून कडी वाजली. बाहेर बाकावर मी. शेजारी एक जण पेपर वाचत होता, तो मला म्हणाला, "बाऊजी, आपका भी?" मी म्हटलं, "माझं झालं, ते आत गेलंय." त्याला मराठी कळलं नाही, पण तो हसला.

रिपोर्ट वाईट आला. बीज थोडं, त्यातलं हलणारं त्याहून थोडं.

त्या दिवशी परतताना मुलानं गाडीत रिपोर्टची घडी करून खिशात घातली. घरी येऊन बूट न काढता पलंगावर बसला. पुरुषाला आपल्याकडे हे असं काही सांगितलं की त्याला वाटतं, आपला चेहराच कुणी पुसला. मला त्याच्याजवळ जाऊन बसायचं होतं. मला जमलं नाही. त्याच्या आईला जमलं असतं. मी चहा केला आणि साखर न घालता त्याच्यासमोर ठेवला. तेवढंच सुचलं.

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा बोलावलं तेव्हा मी पण आत जाऊन बसलो. सून हळूच म्हणाली, बाबा, तुम्ही बाहेर बसता का? मी ऐकलं नाही असं दाखवलं. म्हातारपणाचा तेवढा एक फायदा.

बाई म्हणाल्या, "हे बघ, यात मर्दानगीचा काही संबंध नाही. पोटावरची चरबी म्हणजे नुसतं गाठोडं नसतं. ती कामं करते. पुरुषाचं जे संप्रेरक आहे ते घेते अन् त्याचं बाईचं करून टाकते. वर साखर वाढलेली. त्यात रात्रभर घोरून राहिला, म्हणजे झोप धड नाही. झोपेत जे बनायचं ते बनत नाही. दिवसभर बसून, मांडीवर लॅपटॉप घेऊन, तिथं ऊब. मग बीज कसं नीट तयार होईल? ते अशक्तच निघणार. शरीर बिघडलं की ते आधी अशा ठिकाणी सांगते जिथं माणूस पाहत नाही."

मी विचारलं, "म्हणजे मशीन मोडलेलं नाही?"

"नाही जी. तपासलं आपण. तसं काही दिसत नाही."

मला समजलं. शाफ्ट शाबूत आहे, तेल घाण झालंय. घाण तेलावर चालवलेल्या लेथवर जॉब, म्हणजे घडवलेला भाग, कसा निघतो ते मी जन्मभर बघितलं. माप धरत नाही. आणि तेल बदललं म्हणून लगेच पहिला जॉब चांगला निघत नाही, थोडा वेळ चालवावं लागतं.

बाईंनीही तेच सांगितलं. नवीन बीज तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात. "आज जे खाशील, जसा झोपशील, ते तीन महिन्यांनी दिसेल. वजन उतरलं, साखर उतरली, तर हेही सुधारू शकते. शंभरातल्या शंभर जणांचं सुधारते असं मी नाही म्हणत. पण लेकरू होवो न होवो, तुझा जीव तर राहील. हे एकाच रस्त्यावर आहे." मग कागद पुढं ओढला. "आता सांग, दिवसभरात काय काय खातो. खोटं नको बोलू, मी मंडळाच्या पंगतीत तुला पाहिलेलं आहे."

तो सांगत गेला. पराठे, छोले, लस्सी. मग थांबला. सुनेकडे बघितलं.

"आणि लाडू," तो म्हणाला.

"कोणते लाडू?"

"डिंकाचे. आई हिच्यासाठी करायची ते."

सून म्हणाली, "मला गोड जात नाही हो डॉक्टर. आणि आईंना नाही म्हटलं असतं तर त्यांना वाईट वाटलं असतं. मग..."

"मग मी खायचो," मुलगा म्हणाला. "सगळे. हिच्या डब्यातला ऑफिसला नेऊन खायचो आणि एक घरी चहाबरोबर."

"किती वर्षं?"

"पहिल्यापासून."

डॉक्टरीणबाईंनी एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा सुनेकडे. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि पोट धरून हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी. "अरे देवा! जिला द्यायचं तिला कणभर नाही, अन् ज्याला नको त्याला डबल डोस! आई तिकडून पाळणा बांधून राहिली अन् तू इकडून दोरी कापून राहिला!"

सून हसली. मुलगा पण हसला, त्या रिपोर्टनंतर पहिल्यांदा. मी हसलो नाही. मला स्टुलावर बसलेली बायको दिसत होती. संपले का गं? संपले, आई. ती खूश व्हावी म्हणून सून खोटं बोलत होती. ती खूश व्हावी म्हणून मुलगा खात होता. आणि ती दोघांसाठी आणखी तूप ओतत होती. आमच्या घरात एकमेकांवर इतका जीव होता की त्यानंच मुलाची वाट लागत होती. हे तिला कळलं असतं तर? रडली नसती. उलथनं घेऊन मुलाच्या मागं लागली असती आणि मग तीच सगळ्यांत जास्त हसली असती. मला तेव्हा डॉक्टरीणबाईंच्या खोलीत तिचं हसू फार आठवलं.

पुढचं वर्ष मुलानं जे केलं ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, म्हणून सांगतो. मी कारखान्यात मोठमोठ्या पैलवानांना काम करताना बघितलंय. माझ्या मुलासारखा चिवट माणूस बघितला नाही.

सकाळी उजाडायच्या सुमारास दोघं नवराबायको सुखना तलावावर चालायला जायची. चंदीगडची थंडी काय असते ते ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको. धुक्यात पाणी दिसायचं नाही. मी पण गेलो सुरुवातीला, मग बाकावर बसून राहायला लागलो. पहिल्या दिवसांत मुलगा धापा टाकत माझ्याजवळ येऊन उभा राहायचा, आणि सून पुढं जाऊन ओरडायची, "बसायचं नाही! बाबांच्या शेजारी बसलात तर बाबांसारखे दिसाल!" येणारेजाणारे मागं वळून बघायचे. मराठी त्यांना कळायचं नाही, पण बायको नवऱ्याला हाकते आहे हे कुठल्याही भाषेत कळतं.

जेवण बदललं. पराठे गेले, भाकरी आली. बाजरीला इथं तोटा नाही, हरियाणा बाजूलाच. मी बसनं पिंजौरला जायचो, आमच्या जुन्या वस्तीजवळच्या चक्कीवरून ताजं पीठ आणायचो. तेवढंच मला काम. चक्कीवाला विचारायचा, "भाभीजी नहीं आई?" मी आधी सांगून ठेवलेलं त्याच्या लक्षात राहायचं नाही. मग मी सांगणंच सोडलं. म्हणायचो, घर पे है. फोटो घरीच आहे, खोटं काय त्यात.

ऑफिसात त्याला पिडायचे. सेक्टर १७ मध्ये कुणाच्या बढतीची पार्टी असली की हा सॅलडची प्लेट घेऊन बसायचा. "ओए, बीमार है क्या?" "भाभी ने घर में ताला लगा दिया?" "मोटू, तू तो हमारी शान था यार!" हा हसायचा. खरं कारण सांगायचा नाही. साखर आहे म्हणायचा. साखर सांगायला लाज वाटत नाही आपल्याला, तेही एक बरंय.

एका रविवारी दुपारी मी झोपेतून उठून स्वयंपाकघरात गेलो तर हा फ्रीजसमोर उभा. हातात तो डबा, झाकण उघडं. मला बघून दचकला.

"खाल्ला नाही, बाबा."

"मी विचारलं का?"

"वास घेत होतो. जायफळाचा येतो अजून." त्यानं डबा माझ्यापुढं धरला. "आईचा."

मी नाक खाली नेलं. होता वास. तूप, जायफळ, आणि तिच्या हाताचा म्हणा, काय म्हणा. आम्ही दोघं बापलेक फ्रीजचं दार उघडं टाकून तिथंच उभे राहिलो. मग मी म्हटलं, "घ्यायचा तेवढा वास घे. झाकण मात्र घट्ट लाव." त्यानं झाकण लावलं आणि डबा जागेवर ठेवला. मला खात्री आहे, त्याच्या जागी मी असतो तर एक तरी लाडू खाल्ला असता.

चार महिन्यांनी घोरणं थांबलं. मला कळलं ते असं की एके दिवशी मला सकाळी नळाचा आवाज आला आणि वाटलं, अरे, कॉम्प्रेसर बंद आहे. विजारी ढिल्या झाल्या. साखर खाली आली, गोळी अर्धी झाली. दुसरा रिपोर्ट पहिल्यापेक्षा बरा आला, तिसरा त्याहून बरा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अजून पूर्ण नाही, पण रस्ता बरोबर आहे."

एक गोष्ट मात्र बदलली नव्हती. बाहेर सगळ्यांना अजून वाटत होतं की दोष सुनेत आहे. गावाकडून फोन यायचे, अमक्या देवीला जा, तमक्याचं औषध दे. ती फोन घ्यायची, "हो मावशी, बघते मावशी," म्हणायची आणि ठेवून द्यायची. मी एकदा न राहवून विचारलं, "अगं, सांगत का नाहीस?" म्हणाली, "बाबा, ते मी सांगायचं नाही. सांगायचं तर त्यानं." आणि भाकरी उलटली. एवढं तिखट बोलणारी पोर, पण याबाबत वर्षभर तोंडातून शब्द काढला नाही तिनं. मंडळातल्या बायकांपुढंही नाही, माहेरीही नाही. मुलाला ते दिसत होतं. त्याचं वजन उतरत होतं, पण ते ओझं तसंच तिच्या डोक्यावर होतं, आणि ते तिच्याकडून काढून घ्यायचा धीर त्याला होत नव्हता.

बायकोचं वर्षश्राद्ध झालं. वर्ष सुटलं, मग संक्रांत आली. दुखवट्याच्या वर्षात आम्ही कुठं गेलो नव्हतो, म्हणून मंडळाच्या हळदीकुंकवाला सगळ्यांनी आग्रह करून बोलावलं. हॉलमध्ये पुढं सतरंजीवर बायका, मागं खुर्च्यांवर आम्ही पुरुष, कोपऱ्यात चहाचा थर्मास. नेहमीची रीत. मागच्यांनी तिळगूळ खायचा, क्रिकेटचं बोलायचं, पुढं बघायचं नाही.

मंडळातल्या एक ज्येष्ठ बाई आहेत, एका बड्या साहेबांच्या पत्नी. माझ्या बायकोची त्यांच्याशी मैत्री होती. मनानं वाईट नाहीत, पण बोलतात तेव्हा हॉल ऐकतो. त्यांनी सुनेला पुढं बोलावलं, पाटावर बसवलं. खास तिच्यासाठी खण, तांदूळ, नारळ आणलेला. ओटी भरताना म्हणाल्या, "यंदा तरी सासूच्या आत्म्याला शांत कर गं. बिचारी वाट बघत गेली. आणखी किती वाट बघायला लावणार आहेस?"

सुनेनं पदर पसरलेला तसाच. मान खाली. मला तिची फक्त पाठ दिसत होती.

माझ्या शेजारची खुर्ची वाजली. बघतो तर मुलगा उठलेला. मला वाटलं बाहेर जातोय. तो सरळ पुढं निघाला. हळदीकुंकवात पुरुष सतरंजीवर पाय ठेवत नाही, आणि हा बायकांच्या मधून, सॉरी काकू, जरा सरका वहिनी, करत सुनेच्या शेजारी जाऊन खाली बसला, मांडी घालून. त्याच्या अंगात आईनं विणलेला स्वेटर होता. जुन्या मापाचा, आता त्यात आणखी एक माणूस मावेल असा. त्यानं त्याचा पुढचा घेर दोन्ही हातांनी धरून पसरला, ओटीसारखा.

"काकू, माझी भरा."

"अरे, काय चेष्टा करतोस!"

"चेष्टा नाही. अडचण माझ्यात आहे. हिच्यात कधीच नव्हती. माझं वजन, माझी साखर, माझा रिपोर्ट खराब. उपचार माझे चालू आहेत." स्वेटर तसाच पसरून तो बोलत राहिला. "आई गेली तोवर मलाही माहीत नव्हतं. आता माहीत आहे."

"पण पुरुषाची ओटी कशी..."

"मग नारळ हिलाच द्या, काकू. बोलणी मला द्या."

कपात साखर ढवळणारा एक जण तसाच ढवळत राहिला. बायकांच्या मागच्या रांगेतून डॉक्टरीणबाईंचा आवाज आला, "भरा नं हो काकू! नारळ आहे तो, बाँब नाही."

त्या बाईंचं मी कौतुक करतो. दुसरी कुणी असती तर फणकाऱ्यानं उठली असती. त्यांनी नारळ हातात तोलला. एकदा सुनेकडे बघितलं आणि तिच्या गालावरून हात फिरवला. मग नारळ माझ्या मुलाच्या स्वेटरमध्ये ठेवला, वर चिमूटभर तांदूळ टाकले आणि म्हणाल्या, "तुझ्या आईचं तोंड तुझ्यात आलं म्हणायचं. मला वाटलं होतं गेलं ते."

मग बायका हसल्या, एकदम बोलायला लागल्या. सून मात्र पदर डोळ्यांना लावून बसली होती. तिला रडताना मी सासू गेली तेव्हा बघितलं होतं आणि त्यानंतर त्या दिवशी.

खरी गंमत पुढंच आहे. मुलगा नारळ घेऊन मागं आला तेव्हा चहाच्या कोपऱ्यात एक जण त्याच्याजवळ सरकला. बँकेतला, दणकट, मोठ्या मिशांचा. हळू आवाजात म्हणाला, "यार, ती टेस्ट कुठं करतात रे?" तो गेल्यावर दुसरा आला. त्यानं विचारलं, "भाकरीनं खरंच फरक पडतो का?" मी थर्मासमागं उभा राहून ऐकत होतो. माझा मुलगा, ज्यानं ती डबी मुठीत लपवली होती, तो त्यांना लॅबचा रस्ता समजावून सांगत होता. आखरी दरवाजा, कुंडी पक्की लाव म्हणत होता.

घरी आल्यावर सुनेनं नारळ फोडला. मग हात धुऊन फ्रीज उघडला आणि तो डबा बाहेर काढला. मी काही बोलणार तोच तिनं झाकण उघडून एक लाडू घेतला. दगडासारखा झालेला. बत्त्यानं फोडला, त्यातला तुकडा घेऊन बायकोच्या फोटोसमोर उभी राहिली आणि तोंडात टाकला. आयुष्यात पहिला. बराच वेळ चावत होती. तोंड वेडंवाकडं झालं.

"खवट झालाय," ती म्हणाली. मग फोटोकडे बघून, "पण खाल्ला हं, आई. यंदा खरंच मी खाल्ला."

मुलानं ओल्या खोबऱ्याचा एक तुकडा घेतला, डॉक्टरीणबाईंनी सांगितला तेवढाच. उरलेले लाडू मी दुसऱ्या दिवशी आमच्या क्वार्टरमागच्या आंब्याच्या झाडाखाली पुरले. डबा घासून ठेवलाय. त्यात आता बाजरीचं पीठ असतं.

नातवंड अजून नाही. होईल का, ते मला माहीत नाही, डॉक्टरीणबाईही छातीठोक सांगत नाहीत. तुम्हाला विचारायचंच असेल तर माझ्या सुनेला विचारू नका. मुलाला विचारा. सकाळी सुखनावर असतो. थांबणार नाही, पण चालता चालता सांगेल.